फर्मवेअर अपडेटनंतर इंटरप्ट येईनासे झाले तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवे फर्मवेअर चढवल्यावर मुख्य प्रोग्रॅम सुरू होतो, सीरियल पोर्टवर पहिली ओळही उमटते, पण टायमरचे, बटणाचे किंवा सेन्सरचे इंटरप्ट (चालू काम थांबवून प्रोसेसरचे लक्ष वेधणारे संकेत) मात्र हँडलरपर्यंत, म्हणजे ते हाताळणाऱ्या फंक्शनपर्यंत, पोहोचत नाहीत, अशा तक्रारीसाठी ही उत्तरे लिहिली आहेत. ती मुख्यतः आर्म कॉर्टेक्स-एम कोअर असलेल्या मायक्रोकंट्रोलरना लागू होतात. उदाहरणासाठी एसटीएम३२एफ४०७ ही चिप घेतली असून तिच्या फ्लॅशच्या आरंभी, म्हणजे ०८०००००० या पत्त्यावर बूटलोडर (आधी सुरू होऊन नवे फर्मवेअर चढवणारा छोटा प्रोग्रॅम) आणि ०८००८००० पासून ॲप्लिकेशन, म्हणजे मुख्य प्रोग्रॅम आहे, असे गृहीत धरले आहे. सर्व पत्ते हेक्साडेसिमल आहेत. आर्डुइनो युनोसारख्या बोर्डांवरील एव्हीआर कुटुंबाविषयी शेवटाकडे वेगळे उत्तर आहे.

कालपर्यंत हेच बोर्ड व्यवस्थित चालत होते. अपडेटमुळे हार्डवेअर बिघडले असेल का?

तशी शक्यता फारच कमी आहे. दोष बहुधा नव्या कोडच्या तर्कातही नसतो. तो बूटलोडरने ॲप्लिकेशनच्या हाती कारभार सोपवला त्या क्षणी प्रोसेसर कोणत्या अवस्थेत होता, यात असतो. रीसेटनंतर प्रोसेसर कोऱ्या पाटीसारखा असतो: सर्व इंटरप्ट बंद, कोणताही मास्क (इंटरप्ट अडवणारी बंदी) लावलेला नाही, पेरिफेरल (टायमर, सीरियल यांसारखे चिपमधील घटक) मूळ अवस्थेत. बूटलोडरमधून उडी मारून आलेल्या ॲप्लिकेशनला मात्र ही कोरी पाटी मिळत नाही, आधीच्या भाडेकरूचे सामान पडलेले घर मिळते. जुने फर्मवेअर त्या सामानाशी नकळत जुळवून घेत होते आणि नव्याने ती जुळणी मोडली, एवढेच पुष्कळदा घडलेले असते.

डीबगरने थेट टाकलेला प्रोग्रॅम चालतो, पण तोच प्रोग्रॅम बूटलोडरमार्फत टाकला की इंटरप्ट येत नाहीत. असे का?

वरच्या उत्तराचा हाच पुरावा आहे. डीबगर रीसेट देऊन प्रोग्रॅम सुरू करतो, त्यामुळे त्याला स्वच्छ अवस्था मिळते. त्यातही पुष्कळ जण डीबगरसाठी फ्लॅशच्या आरंभापासून लिंक केलेली वेगळी बिल्ड वापरतात; तिच्यात व्हेक्टर टेबल (प्रत्येक इंटरप्टच्या हँडलरचा पत्ता देणारी यादी) ०८०००००० वर असल्याने टेबलाचा पत्ता वेगळा सांगण्याची गरजच पडत नाही. म्हणून चाचणी करताना ग्राहकाकडे जाणारी बिल्ड, ग्राहकाकडे असलेल्याच बूटलोडरमार्फत चढवावी आणि त्यानंतर डीबगर रीसेट न देता नुसता जोडून प्रोसेसर थांबवावा. डीबगर जोडताना रीसेट गेला, तर पाहण्याजोगा पुरावा पुसला जातो.

शोध नेमका कुठून सुरू करावा?

इंटरप्टचा मार्ग मधोमध तोडून पाहावा. पेरिफेरलमध्ये घटना घडणे, तिचा फ्लॅग चढणे, एनव्हीआयसीमध्ये (कोअरच्या इंटरप्ट नियंत्रकात) इंटरप्ट पेंडिंग होणे, तो चालू केलेला असणे, मास्क आणि प्राधान्य यांतून तो पार होणे, टेबलातून हँडलरचा पत्ता उचलला जाणे आणि हँडलर धावणे, असा हा मार्ग आहे. ॲप्लिकेशनची सर्व सिद्धता झाल्यावर डीबगरमधून किंवा कोडमधून तो इंटरप्ट हातानेच पेंडिंग करावा. त्यासाठी सीएमसिस या आर्मच्या लायब्ररीत तयार फंक्शन आहे आणि ते नसले तरी ई०००ई२०० पासूनच्या रजिस्टरांत योग्य बिट लिहिता येतो. टायमर २ चा इंटरप्ट क्रमांक २८ आहे, म्हणून पहिल्या रजिस्टरचा २८ वा बिट.

असे केल्यावर हँडलर धावला, तर टेबल, मास्क आणि हँडलरचे नाव हे सर्व ठीक असून दोष पेरिफेरलकडे, पिनकडे किंवा क्लॉककडे आहे. हँडलर धावला नाही, तर पेरिफेरलच्या सेटिंगांत वेळ घालवू नये. या एका चाचणीने निम्मा शोध संपतो आणि तरीही ती करण्यापूर्वी टायमरचा प्रीस्केलर तीनदा तपासणारे अनेक जण भेटतात.

हँडलर धावला नसेल तेव्हा ई०००ईडी०४ या पत्त्यावरील आयसीएसआर रजिस्टर वाचावे. त्याचे खालचे ९ बिट सध्या कोणता एक्सेप्शन चालू आहे ते सांगतात, तर १२ व्या बिटापासूनचा भाग सर्वाधिक प्राधान्याचा पेंडिंग एक्सेप्शन दाखवतो. येथे दिसणारा क्रमांक इंटरप्ट क्रमांकापेक्षा १६ ने जास्त असतो, कारण पहिल्या १६ जागा कोअरसाठी राखीव आहेत. टायमर २ येथे ४४ म्हणून दिसतो.

व्हेक्टर टेबलाचा पत्ता चुकला, हे कसे ओळखावे?

कॉर्टेक्स-एम३, एम४ आणि एम७ मध्ये व्हेक्टर टेबल कोठे आहे ते ई०००ईडी०८ या पत्त्यावरील व्हीटीओआर रजिस्टर ठरवते. प्रोसेसर थांबवून हे रजिस्टर वाचावे. आपल्या उदाहरणात तेथे ०८००८००० दिसले पाहिजे. ०८०००००० किंवा नुसते शून्य दिसले, तर प्रत्येक इंटरप्ट बूटलोडरच्या टेबलाकडे जात आहे, हे निश्चित.

त्यानंतर टेबलाचा मजकूरही वाचावा. पहिला शब्द स्टॅकचा आरंभ असून तो रॅमच्या पत्त्यांत पडला पाहिजे. दुसरा शब्द रीसेट हँडलरचा. टायमर २ चा हँडलर ४४ व्या जागी, म्हणजे ४४ गुणिले ४ बरोबर १७६ बाइटांवर, हेक्समध्ये बी० वर असतो. म्हणून ०८००८०बी० येथील शब्द पाहावा. तो मॅप फाइलमधील (लिंकरने दिलेल्या पत्त्यांच्या यादीतील) हँडलरच्या पत्त्याशी जुळला पाहिजे, फक्त त्याचा शेवटचा बिट १ असेल. हा बिट थम्ब अवस्थेची, म्हणजे कॉर्टेक्स-एम ज्या सूचनासंचावर चालतो त्याची, खूण आहे. तो चुकीचा समजून शून्य केल्यास इंटरप्टच्या जागी फॉल्ट मिळतो.

इंटरप्ट बूटलोडरच्या टेबलाकडे गेले, तर प्रोग्रॅम लगेच कोसळायला नको का?

नेहमी नाही, आणि हाच या दोषाचा सर्वांत फसवा भाग आहे. बूटलोडरने जो इंटरप्ट वापरलेला नाही तो त्याच्या डीफॉल्ट हँडलरमध्ये जातो आणि तेथील अनंत लूपमध्ये प्रोसेसर अडकतो. हे निदान डोळ्यांना दिसते. पण बूटलोडरनेही सिसटिक (कोअरमधील ठरावीक अंतराने टिक देणारा टायमर) वापरलेले असले, तर दर मिलिसेकंदाला बूटलोडरचा सिसटिक हँडलर इमानेइतबारे धावतो आणि आपला टिक-काउंटर वाढवून परत येतो. तो काउंटर रॅममध्ये जेथे होता तेथे आता ॲप्लिकेशनचा भलताच व्हेरिएबल बसलेला असतो. परिणामी ॲप्लिकेशनचा स्वतःचा टिक पुढे सरकत नाही, चिप-निर्मात्याच्या हॅल लायब्ररीचे डिले फंक्शन कधीच परत येत नाही आणि दुसरीकडे कोणीही न लिहिलेला एखादा व्हेरिएबल आपोआप चढत राहतो.

पाण्याचा प्रवाह मोजणाऱ्या एका उपकरणावर काम करताना माझे दोन दिवस याच कारणाने गेले. नळ बंद असताना लिटरचा आकडा वाढत होता आणि आम्ही सेन्सरच्या वायरला शील्ड लावत बसलो होतो. आकडा सेकंदाला बरोबर १००० ने वाढतो आहे, हे कोणीतरी घड्याळ लावून पाहिले तेव्हा उलगडा झाला.

आम्ही ॲप्लिकेशनच्या कोडला हातही लावलेला नाही. केवळ चिप-निर्मात्याची लायब्ररी अद्ययावत केली आणि इंटरप्ट बंद झाले. हे कसे?

एसटीएम३२ च्या सिस्टिम फाइलमधील आरंभीचे फंक्शन तपासावे. जुन्या आवृत्त्यांत हे फंक्शन व्हीटीओआरमध्ये फ्लॅशचा आरंभ आणि ऑफसेट यांची बेरीज बिनशर्त लिहीत असे. त्यामुळे ऑफसेटचा मॅक्रो शून्यच ठेवला असेल, तर बूटलोडरने बरोबर लावलेला पत्ताही पुसला जाई. नव्या आवृत्त्यांत हे लिखाण एका मॅक्रोच्या अटीखाली गेले आहे. टेबलाचा पत्ता वापरकर्ता ठरवणार, असे सांगणारा तो मॅक्रो मूळ फाइलमध्ये कॉमेंट करून ठेवलेला असतो. तो उघडला नाही, तर व्हीटीओआरला कोणीच हात लावत नाही आणि बूटलोडरने जे ठेवले तेच राहते.

म्हणजे एकाच दोषाची दोन विरुद्ध कारणे संभवतात. भरीस भर म्हणजे कोड जनरेटर ही फाइल पुन्हा निर्माण करताना हाताने केलेला बदल पुसून टाकू शकतो. म्हणून या फाइलवर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. टेबलाचा पत्ता लिंकर स्क्रिप्टमधील (कोड मेमरीत कोठे बसेल ते ठरवणाऱ्या फाइलमधील) चिन्हावरून घेऊन मुख्य फंक्शनच्या पहिल्याच ओळीत व्हीटीओआरमध्ये लिहावा आणि त्यापाठोपाठ डीएसबी व आयएसबी या बॅरियर सूचना (आधीचे लिखाण पूर्ण होईपर्यंत पुढे जाऊ न देणाऱ्या) द्याव्यात. लिंकर स्क्रिप्टमधील आरंभ बदलला की हा पत्ताही आपोआप बदलतो. तोच आकडा दोन ठिकाणी जुळवत बसावे लागत नाही.

टेबल फ्लॅशमध्ये कोणत्याही पत्त्यावर ठेवलेले चालते का?

चालत नाही. टेबलाची लांबी बाइटांत काढून तिच्याइतक्या किंवा तिच्याहून मोठ्या अशा दोनच्या घाताच्या पटीतच टेबलाचा पत्ता असावा लागतो. एसटीएम३२एफ४०७ मध्ये ८२ इंटरप्ट आणि कोअरच्या १६ जागा मिळून ९८ नोंदी होतात. त्यांचे ३९२ बाइट, म्हणून पत्ता ५१२ च्या पटीत हवा. हा नियम मोडला तरी कंपायलर किंवा लिंकर तक्रार करत नाही. अनेकदा सुरुवातीच्या जागांवरील इंटरप्ट बरोबर चालतात आणि मोठ्या क्रमांकाचे भलतीकडे जातात, त्यामुळे दोष पेरिफेरलचा वाटतो.

अपडेटशी याचा संबंध असा, की बूटलोडर बदलताना फर्मवेअरच्या प्रतिमेच्या (इमेजच्या) आधी हेडर जोडले जाते. झेफिर या आरटीओएससोबत (रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिमसोबत) एमसीयूबूट हा बूटलोडर वापरल्यास हे हेडर सामान्यतः हेक्स २००, म्हणजे ५१२ बाइटांचे असते आणि व्हेक्टर टेबल त्यानंतर सुरू होते. एकूण १२८ पेक्षा अधिक नोंदी असलेल्या चिपला ५१२ ची पट पुरत नाही, तेथे हेक्स ४०० चे अंतर ठेवावे लागते. ॲप्लिकेशन ज्या स्लॉटमध्ये आहे त्याचा आरंभ आणि टेबलाचा आरंभ ही दोन वेगळी ठिकाणे आहेत, हे विसरून व्हीटीओआरमध्ये स्लॉटचाच पत्ता लिहिणे ही नेहमीची चूक आहे.

कॉर्टेक्स-एम७ वर टेबल रॅममध्ये नकलून घेतले असेल आणि डेटा कॅश चालू असेल, तर लिहिलेल्या नोंदी कॅशमध्येच राहून मूळ रॅममध्ये न पोहोचण्याचा धोका असतो. कॅश क्लीन करावी किंवा टेबल कॅशच्या कक्षेबाहेरील डीटीसीएम या रॅममध्ये ठेवावे.

आमच्या चिपमध्ये व्हीटीओआरच नाही. मग काय करावे?

कॉर्टेक्स-एम० मध्ये हे रजिस्टर नसते. एम०+ मध्ये ते ऐच्छिक आहे. एसटीएम३२एफ० कुटुंबात यावरचा रूढ उपाय असा: ॲप्लिकेशनचे ४८ नोंदींचे, म्हणजे १९२ बाइटांचे टेबल रॅमच्या आरंभी २००००००० वर नकलावे, सिसकॉन्फिगचा (चिपच्या सिस्टिम-मांडणीची रजिस्टर असलेल्या पेरिफेरलचा) क्लॉक चालू करावा आणि त्याच्या मेमरी मोडचे दोन्ही बिट १ करावेत. मग शून्य पत्त्यावर फ्लॅशऐवजी रॅम दिसू लागते. रॅमचे पहिले १९२ बाइट लिंकर स्क्रिप्टमध्ये राखून ठेवले नाहीत, तर एखादा ग्लोबल व्हेरिएबल तेथे जाऊन बसतो. जुन्या बिल्डमध्ये योगायोगाने तेथे फारसे न बदलणारे काही असेल आणि नव्या बिल्डमध्ये मांडणी सरकली असेल, तर एकही संबंधित ओळ न बदलता इंटरप्ट बंद पडतात.

व्हीटीओआर बरोबर आहे, इंटरप्ट पेंडिंग आणि चालू दिसतो, तरीही हँडलर धावत नाही. आता काय?

मग प्रोसेसरला कोणीतरी अडवून ठेवले आहे. पहिला संशयित प्रायमास्क, म्हणजे सर्व इंटरप्ट एकदम अडवणारे कोअरचे रजिस्टर. उडी मारण्यापूर्वी बूटलोडर सर्व इंटरप्ट बंद करतो, ते योग्यही आहे. पण ती बंदी उडीबरोबर उठत नाही. ॲप्लिकेशन रीसेटनंतर सुरू झाले असते तर प्रायमास्क शून्यच असता, म्हणून ते इंटरप्ट पुन्हा चालू करण्याची सूचना देतच नाही. जुना बूटलोडर बंदी घालत नव्हता आणि नवा घालतो, एवढ्या सुधारणेनेही जुने ॲप्लिकेशन मुके होते. या अवस्थेत झोपेच्या सूचनेतून, म्हणजे डब्ल्यूएफआयमधून, प्रोसेसर पेंडिंग इंटरप्टमुळे जागा होतो, मात्र हँडलर धावत नाही. उपकरण जागे होते आहे, म्हणजे इंटरप्ट ठीक असणार, असा निष्कर्ष त्यामुळे काढू नये.

दुसरा संशयित तितका परिचित नाही. बूटलोडरने यूएसबी किंवा सीरियलच्या हँडलरमध्ये असतानाच अपडेट पूर्ण करून तेथूनच ॲप्लिकेशनवर उडी मारली, तर प्रोसेसरच्या दृष्टीने तो हँडलर अजून संपलेलाच नाही. संपूर्ण ॲप्लिकेशन त्या हँडलरच्या पोटात चालते. त्याच्या बरोबरीच्या किंवा त्याहून कमी प्राधान्याचे सर्व इंटरप्ट पेंडिंग राहतात, त्याहून वरचे मात्र येतात. काही इंटरप्ट येतात आणि काही येत नाहीत, असे दिसले की आयसीएसआरचे खालचे ९ बिट पाहावेत. मुख्य लूपमध्ये ते शून्य असले पाहिजेत. तेथे आकडा दिसला, तर त्यातून १६ वजा करावेत. कोणत्या हँडलरमधून उडी मारली ते कळते.

बूटलोडरमध्ये आरटीओएस असेल, तर प्रोसेसरचे कंट्रोल रजिस्टरही पाहावे. ॲप्लिकेशन विनाविशेषाधिकार अवस्थेत सुरू झाल्यास इंटरप्ट चालू करण्याची सूचना फॉल्ट न देता मुकाट्याने दुर्लक्षिली जाते; कोडमध्ये ती डोळ्यांसमोर असते आणि परिणाम शून्य.

फ्रीआरटीओएस (एक आरटीओएस) घातल्यापासून आरंभीच्या सिद्धतेतच प्रोग्रॅम अडकतो. हा त्याच जातीचा दोष आहे का?

होय, फक्त येथे मास्क बेसप्राय या, ठरावीक प्राधान्याचे व त्याखालचे इंटरप्ट अडवणाऱ्या, रजिस्टरचा असतो. शेड्युलर सुरू होण्यापूर्वी क्यू किंवा सेमाफोर तयार केला, की कॉर्टेक्स-एम पोर्टमध्ये क्रिटिकल सेक्शनचा मोजक मुद्दाम मोठ्या आरंभमूल्यावर ठेवलेला असल्याने तो शून्यावर येत नाही आणि बेसप्राय चढलेलाच राहतो. शेड्युलर सुरू होताच ही बंदी उठते. अर्धवट तयार टास्कवर इंटरप्ट येऊन आदळू नये, यासाठीची ही सोय आहे. कमाल सिस्कॉल प्राधान्य ५ असेल, तर एसटीएम३२ मध्ये प्राधान्याचे वरचे ४ बिटच वापरात असल्याने बेसप्राय हेक्स ५० दिसतो आणि ५ ते १५ प्राधान्याचे सर्व इंटरप्ट थांबतात. त्यात १५ प्राधान्यावरचे सिसटिकही आले. म्हणून क्यू तयार केल्यानंतर आणि शेड्युलर सुरू करण्यापूर्वी डिले वापरला, की तो अडकतो. डिले आधी घ्यावा किंवा ते काम पहिल्या टास्कमध्ये न्यावे.

बाकी सर्व इंटरप्ट येतात, फक्त एका पिनचा येत नाही.

एसटीएम३२ मध्ये बाह्य इंटरप्टच्या १६ रेषा सर्व पोर्टमध्ये वाटलेल्या असतात. पीए० आणि पीबी० या दोन्ही पिनांना एकाच वेळी शून्य क्रमांकाची रेषा मिळू शकत नाही; नव्या फर्मवेअरमध्ये कोणी पीए० वर बटण जोडले असेल, तर पीबी० वरील जुना सेन्सर गप्प होतो.

रेषा कोणत्या पोर्टला द्यायची हे सिसकॉन्फिगच्या रजिस्टरांत लिहिले जाते आणि त्याचा क्लॉक बंद असताना केलेले लिखाण वाया जाते. एफ४ मध्ये हा क्लॉक एपीबी२ च्या एनेबल रजिस्टरमधील १४ व्या बिटाने चालू होतो. लिखाण वाया गेले, की रेषा मूळच्या पोर्ट ए कडेच राहते आणि आपला पोर्ट सी वरील पिन कितीही वरखाली झाला तरी काही घडत नाही. हॅलचे पिन-सिद्धतेचे फंक्शन हा क्लॉक स्वतःच चालू करते. थेट रजिस्टरांवर लिहिलेल्या कोडमध्ये मात्र तो बूटलोडरने चालू ठेवलेला असे आणि ॲप्लिकेशन त्याच्या जिवावर चालत असे. नव्या, अधिक शिस्तीच्या बूटलोडरने जाताना सर्व क्लॉक बंद केले की जुनी उधारी उघडी पडते.

अपडेटनंतर सेन्सरचा इंटरप्ट येत नाही, पण वीज पूर्ण बंद करून पुन्हा दिली की येऊ लागतो. दोष कोणाचा?

अपडेटमध्ये रीसेट मायक्रोकंट्रोलरला मिळतो, सेन्सरला नाही. एमपीयू-६०५० सारख्या सेन्सरमध्ये इंटरप्ट पिन लॅच अवस्थेत ठेवता येतो. मग त्याचे स्थिती-रजिस्टर वाचले जाईपर्यंत तो पिन चढलेलाच राहतो. अपडेट चालू असताना सेन्सरने पिन चढवला आणि वाचायला कोणी नव्हते. नवे फर्मवेअर आले तेव्हा पिन आधीच वर होता. एजवर (पातळी बदलण्याच्या क्षणावर) अवलंबून असलेल्या इंटरप्टला चढती एज कधी दिसलीच नाही. सेन्सर वाचले जाण्याची वाट पाहतो, मायक्रोकंट्रोलर एजची वाट पाहतो आणि दोघेही अनंतकाळ थांबतात.

यासाठी इंटरप्ट चालू केल्यानंतर लगेच सेन्सरचे स्थिती-रजिस्टर एकदा वाचावे, किंवा पिनची पातळी तपासून ती आधीच सक्रिय असल्यास हँडलरचे काम एकदा हातानेच करावे. क्रम महत्त्वाचा आहे: आधी वाचून मग इंटरप्ट चालू केला, तर मधल्या फटीत आलेली एज पुन्हा निसटू शकते. सेन्सरला सॉफ्टवेअर रीसेट देण्याची सोय असेल, तर आरंभी तोही द्यावा.

हँडलर लिहिलेला आहे, तरी प्रोसेसर डीफॉल्ट हँडलरमध्येच अडकतो. का?

स्टार्टअप फाइलमध्ये प्रत्येक हँडलरचे दुर्बल (वीक) नाव डीफॉल्ट हँडलरकडे वळवलेले असते. आपल्या फंक्शनचे नाव अक्षरशः जुळले तरच ते दुर्बल नावाची जागा घेते. एका अक्षराचा फरक पडला तर लिंकर काहीही न बोलता डीफॉल्टच ठेवतो. फाइल सी मधून सी++ मध्ये नेली असेल, तर कंपायलर नावात भर घालतो, म्हणून हँडलरला सी-लिंकेज द्यावे लागते. तपासण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे तयार ईएलएफ फाइलवर एनएम हे साधन चालवणे: हँडलरसमोर टी दिसले तर आपले फंक्शन बसले आहे, डब्ल्यू दिसले तर दुर्बल नावच राहिले आहे. जीसीसीच्या काही आवृत्त्यांत लिंक-टाइम ऑप्टिमायझेशन चालू केल्यावर, असेंब्लीतील स्टार्टअप फाइलमुळे चांगले लिहिलेले हँडलरही गळून पडल्याचे दिसते. तेव्हाही हीच तपासणी उपयोगी पडते.

स्टार्टअप फाइल नेमक्या चिपचीच आहे ना, हेही पाहावे. एसटीएम३२एफ१०३ च्या मध्यम घनतेच्या चिपमध्ये ४३ इंटरप्ट आहेत आणि उच्च घनतेच्या चिपमध्ये ६०. मोठी चिप वापरताना लहान चिपची फाइल राहून गेली, तर ४३ व्या क्रमांकापासूनच्या नोंदी टेबलात नसतातच आणि प्रोसेसर तेथे जो काही कोड असेल त्यालाच पत्ता समजतो.

उरलेली शक्यता बूटलोडरच्या शिल्लक कामाची. त्याने सीरियलचा इंटरप्ट चालूच ठेवून उडी मारली आणि ॲप्लिकेशन सीरियल वापरतच नाही. पहिला बाइट येताच ॲप्लिकेशनच्या डीफॉल्ट हँडलरमध्ये सर्व काही थांबते.

हँडलरमधला ब्रेकपॉइंट लागतो, पण मुख्य लूपला काहीच कळत नाही.

येथे इंटरप्ट निर्दोष आहे. हँडलर जो फ्लॅग चढवतो तो व्होलाटाइल (दर वेळी मेमरीतून वाचायचा) घोषित केलेला नाही आणि नव्या बिल्डमध्ये ऑप्टिमायझेशनची पातळी वाढली आहे, असे समजावे. मुख्य लूप तो फ्लॅग एकदाच वाचून त्याच मूल्यावर फिरत राहतो.

एकेक ओळ पुढे नेत तपासताना इंटरप्ट अजिबात येत नाहीत.

अनेक डीबगर स्टेप करताना इंटरप्ट तात्पुरते मास्क करतात. प्रोग्रॅम मोकळा सोडून हँडलरमध्ये ब्रेकपॉइंट लावावा.

ट्रस्टझोन (कोडची सुरक्षित व असुरक्षित बाजू वेगळी ठेवणारी सोय) असलेल्या कॉर्टेक्स-एम३३ वर वेगळे काय?

तेथे सुरक्षित आणि असुरक्षित बाजूंना स्वतंत्र व्हीटीओआर असते आणि रीसेटनंतर प्रत्येक इंटरप्ट सुरक्षित बाजूचा असतो. सुरक्षित फर्मवेअरने तो एनव्हीआयसीच्या आयटीएनएस रजिस्टरांतून असुरक्षित बाजूला सोडलेला नसेल, तर असुरक्षित कोडने केलेले एनेबल वाया जाते आणि परत वाचल्यास शून्य मिळते. फक्त सुरक्षित भाग अद्ययावत झाल्यावर इंटरप्ट थांबले असतील, तर प्रथम हेच पाहावे.

आर्डुइनो युनो किंवा इतर एव्हीआर बोर्डांवर हीच कारणे लागू होतात का?

तत्त्व तेच, यंत्रणा निराळी. एटीमेगा३२८पी मध्ये २६ व्हेक्टर असून प्रत्येकाला ४ बाइट मिळतात. टेबल फ्लॅशच्या आरंभी असावे की बूट विभागाच्या आरंभी, हे एमसीयूसीआर रजिस्टरमधील आयव्हीसेल बिट ठरवतो. स्वतः इंटरप्ट वापरणारा बूटलोडर हा बिट चढवतो आणि जाताना उतरवायला विसरला, तर ॲप्लिकेशनचे इंटरप्ट बूट विभागात जातात. तो उतरवण्यासाठी आधी आयव्हीसीई बिट १ करून पुढील ४ क्लॉक चक्रांच्या आत आयव्हीसेल शून्य करावा लागतो. ऑप्टिमायझेशन बंद असलेल्या बिल्डमध्ये ही मुदत टळू शकते.

एव्हीआर-जीसीसीमध्ये व्हेक्टरचे नाव चुकल्यास केवळ इशारा मिळतो, बिल्ड यशस्वी होते. आलेल्या इंटरप्टला हँडलर नसेल, तर नियंत्रण शून्य पत्त्यावर जाऊन प्रोग्रॅम पुन्हा आरंभापासून सुरू होतो. म्हणून एव्हीआरवर या दोषाचे रूप अडकण्याचे नसून वारंवार नव्याने सुरू होण्याचे असते.

बोर्ड बदलले असेल तर इंटरप्टचे क्रमांकही तपासावेत. युनोवर शून्य क्रमांकाचा इंटरप्ट २ नंबरच्या पिनवर आहे, लिओनार्डोवर तो ३ नंबरच्या पिनवर आहे. थेट आकडा न लिहिता पिनवरून क्रमांक देणारा मॅक्रो वापरावा.

बूटलोडर लिहिताना नेमकी कोणती काळजी घ्यावी?

शक्यतो उडीच टाळावी. अपडेट पूर्ण झाल्यावर बॅकअप रजिस्टरमध्ये एक खूण ठेवून सिस्टिम रीसेट द्यावा. बूटलोडरने जागे होताच, कोणतेही पेरिफेरल चालू करण्यापूर्वी, ती खूण पाहून ॲप्लिकेशनकडे जावे. अशा वेळी आवरण्यासारखे काही सामानच नसते. मी स्वतः गेली काही वर्षे दुसऱ्या कोणत्याही रीतीच्या वाटेला गेलेलो नाही.

थेट उडी अटळच असेल, तर ती मुख्य फंक्शनमधून मारावी. सिसटिकचे कंट्रोल रजिस्टर शून्य करावे, वापरलेली पेरिफेरल रीसेट करावीत, एनव्हीआयसीमधील सर्व इंटरप्ट बंद करून पेंडिंग नोंदीही पुसाव्यात. एफ४०७ मध्ये ८२ इंटरप्टसाठी अशी तीन-तीन रजिस्टर पुरतात. मग व्हीटीओआर, मुख्य स्टॅक पॉइंटर आणि उडी, या क्रमाने पुढे जावे.

उपकरणे शेकडो ठिकाणी बसवून झाली आहेत आणि त्यांतील बूटलोडर आता बदलता येत नाही. केवळ ॲप्लिकेशनमधून हा दोष सावरता येईल का?

बहुतेक वेळा येतो. ॲप्लिकेशनने बूटलोडरवर काडीचाही विश्वास न ठेवता सुरुवात करावी: प्रथम इंटरप्ट बंद, मग सिसटिक बंद, एनव्हीआयसीतील सर्व एनेबल आणि पेंडिंग नोंदी पुसणे, बेसप्राय शून्य, व्हीटीओआरमध्ये स्वतःच्या टेबलाचा पत्ता, बॅरियर सूचना, आणि शेवटी इंटरप्ट पुन्हा चालू. हे सर्व हॅलच्या पहिल्या फंक्शनच्या आधी यावे, कारण ते फंक्शन सिसटिक सुरू करते.

हँडलरच्या पोटातून झालेली उडी मात्र यातून सावरत नाही. त्यासाठी आरंभीच आयपीएसआर, म्हणजे चालू एक्सेप्शनचा क्रमांक देणारे रजिस्टर, वाचावे आणि ते शून्य नसेल तर ॲप्लिकेशनने स्वतःच सिस्टिम रीसेट मागावा. बूटलोडर सर्वसाधारण सुरुवातीच्या वेळी मुख्य फंक्शनमधून उडी मारत असेल आणि फक्त अपडेटनंतरच हँडलरमधून, तर दुसऱ्या खेपेस ॲप्लिकेशन स्वच्छ अवस्थेत सुरू होते. तो दोन्ही वेळा हँडलरमधूनच उडी मारत असेल, तर हा उपाय उपकरणाला रीसेटच्या चक्रात अडकवेल. म्हणून बॅकअप रजिस्टरमध्ये प्रयत्नांची मोजणी ठेवून एका रीसेटनंतर थांबावे आणि ही बिल्ड प्रथम हाताशी असलेल्या एका जुन्या बोर्डावर, जुन्याच बूटलोडरने चढवून पाहावी.